मुरूम लागला का, बागायतदार

बिरू,

एसटी स्टँडच्या कट्ट्यावर, जिथं तू रोज दुपारी बसायचास, तिथं तुझा फ्लेक्स लागलाय. त्यात तुला कुणीतरी कोट घातलाय, टाय बांधलाय, पटका काढून केस काळे केलेत. तुझ्या नावापेक्षा शोक करणाऱ्यांची नावं मोठी आहेत. त्यातली निम्मी माणसं तू लांबून दिसलास तरी वाट बदलायची, कारण एकदा धरलंस की तू सोडत नव्हतास. मी त्या फ्लेक्सपुढं उभा राहिलो आणि मला हसू आलं. बघणाऱ्यांना ते बरं दिसलं नाही. न दिसू दे. कोटातला बिरू बघून जो हसणार नाही, त्यानं बिरू बघितलेलाच नाही.

मायाप्पा मला म्हणाला, नाना, तुमी बाबांवर चार ओळी लिवा, दिवसांच्या कार्यक्रमाला वाचून दाखवू. तुझा पोरगा सांगतोय म्हटल्यावर बसलो. पण तू कुठल्या साली जन्मलास, कवा फौजेत भरती झालास, कवा पेन्शनीत आलास, ते सगळं कार्डावर छापून झालंय. ते मी लिहिणार नाही. माझी शाळा चौथीची, त्यातही उसाच्या हंगामात गैरहजर. मला एवढंच लिहिता येईल की आपलं एक भांडण राहिलंय. ते लिहितो.

आपण एकाच जिल्ह्याचे, पण तुझं माझं रान एक नव्हतं. मी इस्लामपूरकडचा. दाराच्या पायरीपासून ऊस, पायाखाली काळी माती, विहिरीला बारमाही पाणी. तू तासगावच्या बाजूचा, येरळेकाठचा, चालायला लागल्यापासून मेंढरामागं फिरलेला. भरतीत पहिल्या दिवशी माझे कोरे करकरीत बूट बघून तू म्हणालास, बागायतदार दिसतंय. तेच नाव कंपनीभर झालं. गाडी शिकवणारा पंजाबी उस्तादसुद्धा मला त्याच नावानं हाक मारायचा, त्याला वाटायचं ते माझं आडनाव आहे. मी तुला मेंढक्या म्हणायचो. तू चिडत नव्हतास, म्हणून मी चिडायचो.

मग राजस्थान. सीमेवरच्या चौकीला पिण्याचं पाणी पोचवायचं होतं. टाक्या भरलेल्या दोन जड गाड्या, फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना इंजिनचा जोर. पुढं मी, मागं तू. डांबर संपलं आणि वाळू सुरू झाली तिथं तू गाडी थांबवलीस, खाली उतरलास, आणि काडेपेटीतली काडी व्हॉल्व्हमध्ये दाबून चारी टायरांतली हवा सोडायला लागलास, टायर पसरला की वाळूत रुतत नाही म्हणून. मला ते बघवेना. एवढी मोठी गाडी, आणि तिची चाकं पिचकी करून तू खाली बसलेला. मी म्हणालो, चांगल्या गाडीचा असा अपमान मी करणार नाही. टायर टणक ठेवायचा आणि जोरात काढायची.

हे मी काही हवेतलं बोलत नव्हतो. वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगतो. आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडी रुतली तर घाबरायचं नसतं. ॲक्सिलेटर दाबून धरायचा. चाक चिखल खात खाली जातं, आणखी खाली जातं, आणि एका जागी त्याला खालचा टणक मुरूम लागतो. मुरूम लागला की चाक धरतं, आणि गाडी बोंबलत का होईना वर येते. आमच्याकडं हे शिकवावं लागत नाही. मी वाळूत तेच केलं. गाडी डुलायला लागली तसा दाबला. चाकं खाली गेली. आणखी दाबला. पुढचा ॲक्सल वाळूवर टेकला आणि चारी चाकं जागेवर फिरायला लागली. मी दाबूनच होतो. मुरमाची वाट बघत होतो.

तू तुझी गाडी मागं टणक जागेवर उभी केलीस, चालत आलास, माझ्या दाराला टेकून बिडी पेटवलीस.

"मुरूम लागला का, बागायतदार?"

"लागंल," मी म्हणालो.

"लागंल की. अमेरिकेच्या बाजूनं लागंल."

त्या दिवशी मी हवा सोडली नाही. फावड्यानं वाळू उपसली, झुडपं तोडून चाकाखाली घातली, वर ताडपत्री अंथरली. तू माझ्या शेजारनं तुझी गाडी घेऊन गेलास. पिचक्या टायरांवर ती अशी चालली होती, जशी पोटभर चरलेली मेंढी संध्याकाळी वाड्याकडं येते. घाई नाही, उडी नाही. तू चौकीवर पाणी उतरवून रिकाम्या टाक्या वाजवत परत आलास, तेव्हा माझी गाडी बाहेर निघत होती. पण निघाली का नाही? निघाली. हवा सोडली का? नाही. हे मी तवाही सांगत होतो आणि आजही सांगतो.

तू म्हणायचास, व्हय, निघाली की. पण त्या चौकीतल्यांना इचार, पाणी कुणाचं प्याले.

तुझी रीत मी जवळून बघितली, हे नाकारत नाही. टायरवर तळहात ठेवायचास, गाभण मेंढीच्या पोटावर ठेवावा तसा, आणि हवा बेतात झाली की काडी काढून घ्यायचास. वाळूत शिरायच्या आधी बूट काढून अनवाणी चालून यायचास. चार चाकं, म्हणजे चारींना जोर देणारा गिअर, वाळू लागायच्या आधीच लावायचास, रुतल्यावर नाही. कोणी नवा पोरगा गाडी काढत असला की तू त्याच्या पुढं तोंड करून उलटा चालत जायचास, आणि हात पुढं करून तळवा जमिनीकडं दाबायचास. हळू. पाय हलका. तोंडानं काही बोलायचा नाहीस, नुसता तो तळवा. उस्तादाच्या शिव्यांनी जे व्हायचं नाही ते त्या तळव्यानं व्हायचं. माझ्या गाडीपुढं मात्र तू कधी चालला नाहीस. मी चालू दिलं नसतं.

पेन्शनीत आल्यावर मी लिलावातून मिलिटरीची जुनी फोर बाय फोर घेतली, ती मळ्यातला ऊस बाहेर काढायला. पावसात ट्रॅक्टर जिथं हात टेकायचे तिथं माझी गाडी जायची. तू मुद्दाम येरळेकाठावरनं एसटी बदलत आलास बघायला. मी तुझ्यासमोर भरलेली गाडी गुडघाभर चिखलात घातली, रुतवली, दाबली, मुरूम लावला आणि रस्त्यावर आणून उभी केली. बांधावरच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. तू काय म्हणालास? चहा कुठं हाय म्हणालास. एवढंच. काळ्या रानात तरी माझं खरं आहे, हे एकदा तोंडानं म्हणायला तुझं काय जात होतं? मी वर्षानुवर्षं वाट बघितली. तू कट्ट्यावर बसून सगळ्या गावाला तो वाळूचाच किस्सा सांगत राहिलास. मी तुझ्या गावाला आलो की बायासुद्धा पदराआड हसायच्या.

आणि वर म्हणायचास, एक दिवस ह्याच रस्त्यावरनं हा बागायतदार पिचक्या टायरांची गाडी घिऊन जाईल, आन मी हितं बसून बघीन. मी म्हणालो, त्याआधी तू मरशील. तसंच झालं. त्याचं मी वाईट वाटून घेत नाही. आपण असंच बोलत आलो, आणि तू मेलास म्हणून मी गोड बोलायला लागलो तर तुलाच ओळखू येणार नाही.

तुमच्या भावकीत माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड माळावरच्या दगडांच्या ओळीत उभा करतात, दिवस घालायच्या आत. बाकीच्यांचे दगड दोघा-चौघांनी खांद्यावरनं आणलेले, गुडघ्याएवढे. तुला तसला नको होता. नदीपलीकडच्या टेकाडावर, जिथं पोरपणी मेंढरं बसवून तू टेकायचास, तो काळा दगड तू मला दाखवलास. बैलाएवढा. म्हणालास, ह्यो माजा. मी म्हणालो, हा कोण उचलणार, तुझा बाप? तू म्हणालास, तू आणणार. आणि हसलास. पलीकडं तिन्ही बाजूंनी द्राक्षबागा, तारा, शेततळी, गाडी जाईल अशी वाट नाही. आत यायचं तर नदीच्या कोरड्या पात्रातनंच. वाळूतनं. बिरू, तू तो दगड कशासाठी निवडलास हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी कळलं नाही असं दाखवलं.

सांगलीच्या दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा दारावरचा माणूस मला आत सोडेना. मी मोठ्यानं बोललो, जसा बोलतो तसा. आत तू नळ्या लावून पडला होतास, बोलणं बंद झालेलं. माझा आवाज ऐकून तू हात उचललास आणि तळवा खाली दाबलास. हळू. पाय हलका. दारावरचा माणूस कशानं बाजूला झाला मला माहीत नाही, पण मी गप्प आत आलो आणि तुझ्या पायाशी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्यापुढं तो हात केलास, आणि मी ऐकलं. बाहेर येऊन कुणाला सांगितलं नाही.

तुझी माती झाली आणि दगडाचा विषय निघाला. मायाप्पा जेसीबीवाल्यांना विचारून आला. एकही यायला तयार नाही. नदीच्या पात्रात मशीन दिसलं की वाळूचोरीची केस होते, जप्ती होते, कोण कुणाचं ऐकतो. भावकीतले म्हणाले, लहान दगड उभा करू, माणूस गेला, त्याला काय कळतंय. तुझी बायको, आमच्या वैनी, कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या उठून आत गेल्या. मी उठलो आणि म्हणालो, दगड बिरूनं सांगितला तोच येईल आणि माझ्या गाडीतनं येईल.

मायाप्पा म्हणाला, "नाना, तुमचं वय काय, गाडीचं वय काय?"

मी म्हणालो, "तू बेरीज करू नगंस. दोघं चालतोय न्हवं?"

पोलीस पाटलाला सांगून ठेवलं, तलाठ्याच्या कानावर घातलं, आणि सकाळी उन्हं यायच्या आत गाडी पात्राच्या कडेला आणली. वाळू सकाळची गार असते, धरते. हे मीही जाणतो, ते काही तुझं एकट्याचं नाही. सगळी भावकी काठावर. वैनीही आल्या होत्या, पूजेचं ताट घेऊन, पायात काही नव्हतं. मायाप्पानं विचारलं, नाना, हवा सोडायची का, बाबा सोडायचे. मी म्हणालो, राजस्थानात नसंल मुरूम. हा आपला जिल्हा हाय. येरळेच्या बुडाला मुरूम असणारच.

रिकामी गाडी पलीकडं सुरळीत गेली. मी काठाकडं बघून हॉर्न दिला. टेकाडाखाली फळ्या लावल्या, पहारी लावल्या, दोर बांधून सगळ्यांनी ओढला, तेव्हा कुठं तुझा दगड वर चढला. गाडी मागनं बसली. मी चार चाकं लावली, खालचा गिअर घातला आणि निघालो. निम्म्या पात्रापर्यंत आलो. तिथं कधीतरी कुणीतरी वाळू उपसलेली, आणि पुरानं त्या खड्ड्यात नवी वाळू भरून ठेवलेली. वरनं सारखीच दिसते. गाडी डुलायला लागली. माझा पाय आपसूक खाली गेला. चाकं खाली गेली. काठावरनं सगळे एकदम ओरडायला लागले, एक म्हणतोय दाबा, एक म्हणतोय मागं घ्या. मायाप्पा फोनवर कुणाला तरी ट्रॅक्टर मागत होता. मी ऐकून घेत नव्हतो. मी मुरमाची वाट बघत होतो.

वैनी वाळूतनं चालत आल्या. दाराशी उभ्या राहिल्या. घाम पुसला, पदर डोक्यावर नीट घेतला आणि वर बघून म्हणाल्या,

"मुरूम लागला का, भावजी?"

बिरू, तुझ्याच सुरात. त्यांनी तो किस्सा किती वेळा ऐकला असेल कुणास ठाऊक. नवरा जाऊन आठवडा झाला नाही त्या बाईला, आणि त्या हसत होत्या. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि हसत होत्या. मलाही आवरेना. मी इंजिन बंद केलं.

खाली उतरलो. गुडघे वाळूत टेकले. काडी पाहिजे होती. वैनींनी ताटातली काडेपेटी पुढं केली, उदबत्तीसाठी आणलेली. मी चारी टायरांची हवा सोडली, एकेकाची, माझ्या हातानं, कुणाला हात लावू दिला नाही. किती सोडायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं. टायरवर तळहात ठेवला आणि थांबलो, वाटलं तेव्हा काडी काढली. पोरांनी चाकापुढची वाळू उपसली. वैनी गाडीपुढं गेल्या, माझ्याकडं तोंड केलं, हात पुढं केला आणि तळवा खाली दाबला.

मी पाय हलका ठेवला. पहिल्यांदा मागं, माझ्याच चाकोरीतनं, वीतभर. मग पुढं. ब्रेकला हात नाही, पाय नाही. स्टेअरिंग सोडल्यासारखं धरलेलं. गाडी खड्ड्यातनं अशी वर आली जशी झोपेतनं उठते. वैनी उलट्या चालत होत्या, मी त्यांच्या मागनं, आणि तुझा दगड माझ्या मागनं. लोक ओरडायचे थांबले होते. एक गोष्ट सांगतो: त्या पात्रात त्या दिवशी माझ्याइतकी चांगली गाडी कुणी काढली नसती. तूसुद्धा नाही. तुझ्या गाडीत टाक्या होत्या, माझ्या गाडीत तू होतास.

दगड माळावर उभा केला. ओळीत सगळ्यात उंच आहे. भंडारा उधळला, ढोल वाजले. मग माळावरच चहा आला. वैनी माझ्याजवळ येऊन बसल्या.

म्हणाल्या, "भावजी, हे तुमच्या मळ्यातनं उसाची गाडी बघून आले हुते, त्या राती जेवताना म्हणाले, चिखलात गाडी काढावी तर बागायतदारानंच. मला न्हाई जमायचं ते."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी पुन्यांदा आला असता का भांडायला?"

मी कपातला चहा संपवला. तू घरात बायकोपाशी म्हणालास आणि माझ्यापाशी गिळून बसलास. एवढी वर्षं. असा तू.

निघताना मायाप्पा गाडीकडं आला. हवा भरायची नळी सीटच्या मागं असते, इंजिनवर चालते, त्याला ठाऊक आहे. ती काढायला लागला. मी म्हणालो, राहू दे. तो म्हणाला, नाना, डांबरीवर टायर खराब होतील. मी म्हणालो, टायर माझे आहेत. तो म्हणाला, मग माळाच्या मागनं कच्च्या वाटेनं काढा, कुणाला दिसणार नाही. चांगला पोरगा आहे तुझा. समजून होता.

मी गाडी डांबरी रस्त्याला घेतली. हळूहळू, माणूस चालतो तशी. चारी टायर खाली पसरलेले, गाडी बाळंतिणीसारखी चाललेली. स्टँडवर दुपारची गर्दी होती. वडापच्या जीपचे ड्रायव्हर, कंडक्टर, बेदाण्याच्या शेडवरच्या बाया. सगळे उठून बघायला लागले. कुणीतरी विचारलं, काय नाना, पंक्चर हाय का?

"न्हाई," मी म्हणालो. "हवा सोडलीया. वाळूतनं आलोय."

मोठ्यानं म्हणालो. जसा बोलतो तसा.

कट्ट्यापाशी आलो तेव्हा आणखी हळू केली. तू कोट घालून बसला होतास, केस काळे करून, शोक करणाऱ्यांच्या वर. मागं एसटीवाला हॉर्न देत होता. देऊ दिला. त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून कुणी सांगेल, तर ते वाळूचं होतं.

नीट बघून घे, बिरू. चारी टायर बघ. पुन्हा दाखवणार नाही.